अर्ध्या नोटेचें साक्ष्य

जुन्या दप्तरांत मधोमध कापलेली किंवा मागून पट्टी लावून सांधलेली सरकारी नोट कधीं कधीं सांपडते. संग्राहक तिला भग्न समजून टाकून देतात. वस्तुतः तो छेद हाच तिचा इतिहास होय.

१८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार मुंबई बँकेसारख्या इलाखा-बँकांकडून सरकारकडे गेला. या नव्या नोटा एकाच बाजूस छापलेल्या असत. टपालांत चोरी होऊं नये म्हणून व्यापारी नोटेचे दोन तुकडे करीत. एक आधीं धाडीत, व त्याची पोंच आल्यावर दुसरा. क्रमांक दोन ठिकाणीं छापलेला असल्यामुळें तुकड्यांची जोडी ओळखतां येई.

म्हणून अशी नोट हातीं आल्यास प्रथम दोन्ही क्रमांक जुळतात काय तें पाहावें. नंतर छेद सरळ आहे कीं कागद जीर्णतेनें फाटला आहे, आणि कोऱ्या पाठीवर पेढीची सही वा शिक्का आहे काय, हें तपासावें. सांधा झांकून नोट नवी करणें म्हणजे मोडी पत्रावरील शेरा खरवडण्यासारखेंच आहे. एकच तुकडा मिळाला तरी तो त्याच पुडक्यांतील पत्रांसह ठेवावा. एखाद्या पत्रांत तो क्रमांक आढळल्यास नोटेचा काळ व प्रवास दोन्ही सिद्ध होतात.