अंधारात उजळणारा जंतू

पेण वा रोह्याच्या बाजारपेठेत पाचशेची नोट पुढे केली, की एखादा दुकानदार ती जांभळ्या दिव्याखाली धरून पाहतो. नोटेच्या कागदातील बारीक तंतू एकाएकी चमकू लागतात. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घ्यायचे आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकायचा, या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये त्याचे विवेचन केले. क्षयरोगाचा जंतूही याच तत्त्वावर शोधता येतो. मात्र त्याची लांबी मिलिमीटरच्या काही हजारांशाइतकी असल्याने, योग्य प्रकाश त्याच्यापर्यंत पुरेसा पोचवणे हीच खरी कसोटी असते.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू जगासमोर आणला. त्यानंतर रूढ झालेल्या झील-नील्सन पद्धतीत थुंकीतील जंतू लाल रंगवले जातात आणि निळ्या पार्श्वभूमीवर शंभरपटीच्या भिंगाने शोधले जातात. प्रतिदीप्तीच्या पद्धतीत 'ऑरामाइन' हे रंगद्रव्य वापरतात. मग काळोख्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळसर हिरवे उजळतात. ते ठळक दिसत असल्याने वीसपटीचे भिंगही चाळणीला पुरते. शंभरपटीच्या तुलनेत एका दृष्टिक्षेपात सुमारे पंचवीसपट क्षेत्र दिसते. साहजिकच वेळ वाचतो आणि तुरळक जंतू निसटण्याची शक्यताही कमी होते.

पूर्वी या यंत्रात पाऱ्याच्या वाफेचा दिवा असे. त्याचा प्रकाश ३६५, ४०५, ४३६ नॅनोमीटर अशा ठरावीक तरंगलांबींवर प्रखर असतो. परंतु त्याचे आयुष्य जेमतेम दोनशे-तीनशे तास. जसजसा तो जुना होतो, तसतसा प्रकाश मंदावतो. एकदा विझला की गार होईपर्यंत पुन्हा लावता येत नाही. पावसाळ्यात वीज वरचेवर जाणाऱ्या कोकणातील तालुक्याच्या गावी असा दिवा म्हणजे डोकेदुखीच! शिवाय पाऱ्याची विल्हेवाट हा निराळाच प्रश्न.

इथेच एलईडी दिव्याने चित्र पालटले. ऑरामाइनला उजळण्यासाठी अतिनील किरण लागतातच असे नाही. सुमारे ४५० ते ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्यास पुरतो. तो काचेतून सहज जातो, तर ३२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण साधी काच बरेचसे अडवते. एलईडी हजारो तास चालतो, तापण्याची वाट पाहावी लागत नाही आणि बॅटरीवरही भागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये क्षयरोगाच्या तपासणीसाठी या यंत्रांची शिफारस केली. पेशींतील डीएनए दाखवणाऱ्या 'डॅपी'सारख्या रंगद्रव्यांना मात्र ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरणच हवेत.

दिवा प्रखर असला म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हे. यंत्रातील एक गाळणी हवा तेवढाच प्रकाश नमुन्यावर सोडते. विशिष्ट आरसा तो खाली वळवतो आणि जंतूकडून येणारा प्रकाश वर जाऊ देतो. दुसरी गाळणी मूळ प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचू देत नाही. ही गाळणी काढून पाहणे डोळ्यांना धोक्याचे असते. भिंगाची प्रकाश गोळा करण्याची क्षमता जितकी अधिक, तितके चित्र उजळ दिसते. ही क्षमता दुप्पट झाली, तर तेवढ्याच वाढीव आकारात चित्र सोळापट उजळते. भिंगावर लावायचे तेलही स्वतः चमकणारे नसावे. अन्यथा काळोखच फिका पडतो.

कोकणातील आणखी एक शत्रू म्हणजे दमट हवा. भिंगांवर बुरशीचा पातळ थर चढला, की प्रकाश अडतो आणि विखुरतो. म्हणून यंत्र कोरड्या कपाटात सिलिका जेलसह ठेवावे लागते. रंगवलेली काचपट्टी उजेडात राहिली तर जंतूंची चमकही ओसरते. ती अंधारात ठेवून लवकर तपासणे श्रेयस्कर.

आज निदानासाठी ट्रूनॅट, सीबीनॅट यांसारख्या जनुकीय चाचण्यांना प्राधान्य दिले जाते. परंतु या चाचण्यांत मृत जंतूंची जनुकेही सापडतात. त्यामुळे उपचारांना प्रतिसाद मिळतो आहे का, हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा उपयोग अजूनही होतो. पेण, रोहा तालुक्यांतील डोंगराळ वाड्यांवरून येणारा रुग्ण एका फेरीसाठी दिवसाची मजुरी सोडतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब तर महिनोन्‌महिने गावात नसते. अशा रुग्णाचा अहवाल मंद प्रकाशामुळे चुकीने 'नकारात्मक' आला, तर त्याची किंमत तो एकटाच मोजत नाही. त्याच्या झोपडीतील मुलेही मोजतात. म्हणूनच प्रयोगशाळेतील दिवा, गाळणी आणि भिंग यांची निगा हाही उपचाराचाच भाग होय.