अपस्मार, मनावरील ताण आणि हृदय

वसतिगृहात रात्री एखाद्या मुलास फिट आली की कोणी चप्पल शोधू लागतो, कोणी कांदा. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते. अध्यापनाच्या काळात आम्ही हे अनेकदा पाहिले. त्याहून अस्वस्थ करते ती दुसरी सकाळ. मुलगा कोणाच्या नजरेला नजर देत नाही. झटका केव्हाच ओसरलेला असतो; छातीतील धडधड ओसरलेली नसते. या लेखात त्या धडधडीविषयी लिहावयाचे आहे.

अपस्माराचा हृदयाशी संबंध जोडण्याची कल्पना जुनी आहे. दूषित दोष हृदयात शिरून अपस्मार उत्पन्न करतात, असे चरकसंहिता मानते, कारण तेव्हा हृदय हेच मनाचे स्थान समजले जाई. इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रीक ग्रंथाने मात्र हा देवाचा कोप नसून मेंदूचा विकार आहे, असे ठामपणे मांडले. आधुनिक शास्त्राने मेंदूचाच पक्ष घेतला. मेंदूतील पेशींच्या विद्युत्‌क्रियेत एकाएकी उसळणारा अनिर्बंध लोळ म्हणजे झटका. परंतु हृदय या प्रकरणातून सुटले नाही, ते दुसऱ्या वाटेने परत आले.

ती वाट अशी. भीती आणि चिंता यांची दखल घेणारे मेंदूचे भाग हृदयाच्या गतीवरही सत्ता चालवितात. मज्जासंस्थेची एक शाखा हृदयाला पिटाळते, दुसरी लगाम खेचते. ताण आला की पहिली जोर धरते, रक्तात ॲड्रेनॅलिन वाढते, ठोके व रक्तदाब चढतात. अपस्मार असलेल्या अनेकांत हा लगाम मुळातच काहीसा सैल आढळतो. त्यात झटक्याच्या वेळी नाडी बहुधा आणखी धावते. क्वचित हृदय काही क्षण थबकतेही. तीव्र ताणाने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक विकार जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णिला. तो कधीकधी झटक्यानंतरही दिसतो. झटक्यांचे वारंवार होणारे आघात वर्षानुवर्षे हृदयाला व रक्तवाहिन्यांना इजा करतात, असा विचार २०२० पासून 'अपस्मारी हृदय' या नावाने मांडला जात आहे. अपस्मार असलेल्या प्रौढांपैकी दरवर्षी हजारी सुमारे एकाचा अकस्मात मृत्यू होतो; बहुधा रात्री, एकटे असताना, मोठे झटके आटोक्यात नसताना. त्यात श्वास आणि हृदय दोन्ही गुंतलेले असतात. म्हणून झटके आवरणारी गोळी हृदयाचेही रक्षण करते.

आणि इथेच ताण दुहेरी घात करतो. आपले झटके कशाने येतात, असे रुग्णांना विचारले तर ताण हे उत्तर फार वेळा येते. परीक्षेची जागरणे हे त्याचे एक रूप. दुसरे आपल्या जिल्ह्याचे: आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, आणि गोळ्यांची पट्टी संपलेली. तिसरे लपविण्याचे. आमच्या एका विद्यार्थ्याने गोळ्या पेटीच्या तळाशी कपड्यांत दडविल्या होत्या. खोलीत कोणी नसेल तेव्हाच घ्यायचा, म्हणजे अनेकदा घ्यायचाच नाही.

मुलींच्या बाबतीत लपविण्याचे कारण विवाह. हिंदू विवाह कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक ठरविले गेले. तो शब्द १९९९ मध्ये वगळला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अपस्मार हा असाध्य रोग किंवा मानसिक विकार नव्हे, घटस्फोटाचे कारणही नव्हे, असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान व उपचार मिळाल्यास सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात. कायदा बदलला, सोयरिकीच्या बैठकीतली कुजबुज मात्र अजून बदललेली नाही. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे: पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेने मनाला होणाऱ्या क्लेशाचा. आमच्या त्या विद्यार्थ्याला हा दुसरा बाण आपणच मारीत होतो.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रत्येक बेशुद्धी म्हणजे फिट नव्हे. धावताना, घाबरल्यावर किंवा मोठ्या आवाजाने मूल कोसळत असेल, अथवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर मूळ दोष हृदयाच्या ठोक्यांत असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना ईसीजी काढण्याविषयी जरूर विचारावे. आणि अपस्माराची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून, भगताच्या तर नाहीच, एकाएकी बंद करू नये.

झटका आल्यास मुलास कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, तोंडात चमचा किंवा पाणी काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटे उलटली किंवा शुद्धीवर न येताच दुसरा झटका आला तर १०८ ला फोन करावा. तो शुद्धीवर येईपर्यंत एकाने जवळ बसावे, बाकीच्यांनी झोपायला जावे.