मागचे दोन्ही ब्रेक सारखे धरतात का? घाटात उतरण्याआधी तपासून घ्या

बेळगाव : बेळगावहून गोव्याला जायचे म्हणजे चोर्ला घाट, सावंतवाडीकडे जायचे म्हणजे आंबोली. पावसाळ्यात दोन्हीकडे रस्ता ओला, वळणे जवळजवळ आणि उतार लांबच लांब. अशा वाटेवर आजही जुन्या मारुती ८०० आणि ओम्नी भरपूर धावतात. या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यांतला एक जास्त आणि दुसरा कमी धरत असेल, तर सपाट रस्त्यावर महिनोन् महिने ते कळतही नाही. कळते ते घाटातच.

पुढचे ब्रेक कमी-जास्त झाले की स्टिअरिंग एका बाजूला ओढते, चालकाला लगेच जाणवते. मागच्या ब्रेकचे तसे नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की जास्त धरणारे चाक आधी लॉक होते आणि त्या चाकाची पकड सुटते. मग गाडीचा मागचा भाग आडवा जाऊ लागतो.

दोष कुठून येतो?

सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे गळती. व्हील सिलिंडरचे रबर झिजले की ब्रेक ऑईल लायनरवर उतरते. ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सलच्या सीलमधून गिअर ऑईलही येऊ शकते. तेल प्यालेला लायनर पॉलिश पेपरने घासून किंवा पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवला जातो, पण ते काही खरे नाही. आत मुरलेले तेल गरम झाले की परत वर येते. गळती आधी बंद करावी आणि शू नवेच घालावेत.

दुसरे कारण काटकसरीचे. ‘एकाच बाजूचे शू गेलेत, तेवढेच बदला’ असे गिऱ्हाईकच सांगते. एका बाजूला नवा लायनर, दुसऱ्या बाजूला झिजलेला, तोही वेगळ्या कंपनीचा. मग पकड सारखी कशी राहील? शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम आणि एकाच बनावटीचे बदलावेत. आज वाचलेले पैसे पुढच्या दुरुस्तीत जातातच, वर धोका वेगळा.

व्हील सिलिंडरचेही तसेच आहे. समजा एका बाजूला १७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला १९ मिलिमीटर बोअरचा सिलिंडर बसला. फरक दिसायला दोन मिलिमीटरचा, पण जोर क्षेत्रफळावर ठरतो. मोठ्या सिलिंडरचा जोर सुमारे २५ टक्के जास्त भरतो. म्हणून नवा भाग घेताना जुना सोबत न्यावा आणि आकडा जुळवून घ्यावा.

ड्रम लेथवर टर्न करायचा तर दोन्ही बाजूंचा व्यास सारखा राहील, हे पाहावे. उद्यमबागेत लेथची कामे करणारे मिळतात, पण मर्यादा पाळलीच पाहिजे. किती व्यासापर्यंत ड्रम चालतो, तो आकडा सहसा ड्रमवरच उठवलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम पातळ झालेला असतो, तो बदलावा.

जोडणी करताना

एका वेळी एकच बाजू उघडावी म्हणजे दुसरी नमुन्याला राहते. तरी आधीच्या मिस्त्रीने चूक केलेली असू शकते, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या आहेत ना, हे बघावे. स्क्रू पद्धतीच्या ॲडजस्टरला डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात. त्यांची अदलाबदल झाली, तर ॲडजस्टर शू बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढतो आणि ब्रेक सैल पडत जातात. स्प्रिंगही जोडीनेच बदलाव्यात. आतली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये; जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून काढावी.

आधी शूचे ॲडजस्टमेंट, मगच हँडब्रेकची केबल. हा क्रम उलटा केला की शू ड्रमला घासत राहतात. केबल एका बाजूला गंजून अडकलेली असेल, तर हँडब्रेक सोडल्यावरही ते चाक मोकळे होत नाही. शेवटी हवा काढून नवे ब्रेक ऑईल भरावे. ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये.

घरी करता येणारी तपासणी

पुढच्या चाकांना दगड लावून मागची दोन्ही चाके उचलावीत, खाली स्टँड ठेवावेत; नुसत्या जॅकवर भरवसा नको. एकाने हँडब्रेक एकेक ‘टक’ करत ओढावा, दुसऱ्याने चाके हाताने फिरवून पाहावीत. दोन्ही चाके एकाच टकेला जड व्हायला हवीत. आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून थांबल्यावर ड्रमजवळ तळहात न्यावा, हात लावू नये. एक बाजू जास्त गरम लागली, तर तिथे शू घासत असण्याची शक्यता मोठी.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा आरटीओ तपासणीत ब्रेकही पाहिले जातात. पण तोवर थांबण्यात अर्थ नाही. नवे शू घातल्यावर लगेच घाटात जाऊ नये. काही दिवस गावातच हलके ब्रेक मारत लायनर ड्रमला बसू द्यावेत. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून तेल वाचवण्याची सवय सोडलेलीच बरी. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला आवरते, ब्रेकवरचा भार तेवढाच कमी होतो.