मिठाच्या पैशांवर उभी राहिलेली स्टेशनं
लोहमार्गाच्या कडेने : भाग ५

लाटंबार्सेच्या माणसाला आज रेल्वे पकडायची तर थिवी नाहीतर पेडणे गाठावं लागतं. डिचोली तालुक्यात रूळ आलेच नाहीत. इथलं खनिज ट्रकने धक्क्यावर आणि बार्जने मुरगावला गेलं. गोव्यातली पहिली रेल्वे धावली ती पार दक्षिणेला, मुरगावहून कुळेमार्गे कॅसलरॉकपर्यंत. कुळे सोडलं की घाटात सोनाळी, करंझोळ आणि दूधसागर ही स्टेशनं लागतात. तुमच्याआमच्यासारख्या प्रवाशाला तिथे उतरण्याचं कारण क्वचितच पडतं. मग ती बांधली कशाला?

त्याचं उत्तर मिठात आहे. 26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. गोव्यातल्या मिठाचा मक्ता ब्रिटिशांच्या हाती गेला आणि त्याच्या भरपाईपोटी पोर्तुगीज सरकारला दरसाल 4 लाख रुपये मिळू लागले. लंडनमध्ये स्थापन झालेल्या रेल्वे कंपनीला व्याजाची हमी पोर्तुगालने दिली आणि हे 4 लाख त्या हमीकडे वळवले. थोडक्यात, आगरवाल्यांच्या पोटावर पाय देऊन रूळ पडले. दख्खनचा कापूस मुंबईऐवजी मुरगावला उतरेल, असा होरा होता. 1888 मध्ये मार्ग पुरा झाला, पण कापूस काही हवा तसा वळला नाही. तह 1892 मध्ये संपला आणि 1902 मध्ये गाड्या चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं.

घाटातल्या स्टेशनांचं खरं गिऱ्हाईक प्रवासी नव्हतंच. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे जाताना एक मीटर वर. गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात; उतरताना ब्रेक तपासायला थांबावं लागतं; एकेरी मार्गावर समोरच्या गाडीला वाट द्यावी लागते. वाफेच्या इंजिनाला वर पाणीही हवं. गावं आजूबाजूला विरळ, आजचं अभयारण्याचं रान. स्टेशनमास्तर आणि सांधेवाला यांची वस्ती हीच काय ती वर्दळ.

प्रवाशांची खरी गर्दी घाटाच्या दोन टोकांना. कॅसलरॉकला ब्रिटिशांचा, पुढे भारताचा जकात नाका आणि कुळ्याला पोर्तुगीजांचा. मुंबईहून पुणे-मिरज-लोंढामार्गे येणाऱ्या गोवेकराची ट्रंक आणि वळकटी एकाच प्रवासात दोनदा उघडली जायची. पणजीच्या बोटीची सवय असलेल्या आपल्या उत्तरेकडच्या मंडळींना हे कौतुक बहुतेक ऐकूनच ठाऊक.

1955 मध्ये मात्र घाट मुकाच झाला. 15 ऑगस्टला सत्याग्रही सीमेवरून आत शिरले. पेडण्याच्या पत्रादेवीला कर्नैल सिंग बेनिपाल गोळीला बळी पडले. त्याच दिवशी कॅसलरॉकच्या बाजूनेही तुकड्या निघाल्या होत्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि गाड्या थांबल्या. कॅसलरॉक भारताचं शेवटचं टोक झालं, कुळे पोर्तुगिजांचं. मधली तिन्ही स्टेशनं सहा वर्षांहून अधिक काळ निरुपयोगी पडून राहिली. ना कुणाची गाडी अडली, ना कुणाला वाट द्यायची होती. डिसेंबर 1961 च्या मुक्तीनंतर वाहतूक पुन्हा सुरू झाली. 1990 च्या दशकात मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं.

माझ्या मते या मार्गाचं दैव प्रत्येक वेळी बाहेरच ठरलं: आधी लंडन-लिस्बनच्या तहात, मग दिल्लीच्या आदेशात. अलीकडे प्रश्न दुसऱ्या रुळाचा आहे. कोळशाची वाहतूक वाढेल, जंगल कापलं जाईल, म्हणून 2020 मध्ये गोव्यात लोक रस्त्यावर आले. आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. या वेळी निदान गावकऱ्यांचं म्हणणं कागदावर आलं.

पुढच्या आठवड्यात आपल्या घराजवळ येऊ. कोकण रेल्वेला पेडण्याच्या बोगद्याने शेवटपर्यंत का रखडवलं, ते पाहू.