परवाना मिळेपर्यंत रुग्ण टिकेल का?

पॅलेस्टाईनमधल्या आरोग्यसेवेबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, ते बहुतेक ऑक्टोबर २०२३नंतरच्या बातम्यांवरून. बॉम्ब पडले, रुग्णालयं उद्ध्वस्त झाली, लोक उपचारांविना गेले. हे खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं युद्ध नसतानाच्या वर्षांत दडलेलं आहे, आणि नेमकं तिथेच गैरसमजांचं रान माजलं आहे.

गैरसमज : हा सगळा प्रश्न युद्धामुळे उभा राहिला.

गाझा पट्टीत कर्करोगावर रेडिएशन देण्याची सोय युद्धाआधीही नव्हती. त्यासाठी पूर्व जेरुसलेममधल्या ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयात जावं लागे. अंतर म्हणाल तर मोटारीने दीड-दोन तासांचं. पण त्या प्रवासाआधी डॉक्टरांची ‘तहवीला’ म्हणजे पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी हवी, पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाची खर्चाची हमी हवी, रुग्णालयाने दिलेली तारीख हवी आणि शेवटी इस्रायली अधिकाऱ्यांचा ‘तसरीह’ म्हणजे परवाना हवा असे. अर्ज फेटाळला गेला तर किमान तसं कळे तरी. अनेकांना उत्तरच मिळत नसे. उपचाराची तारीख उलटून जाई, मग नवी तारीख घ्या, नवा अर्ज करा. गाठ मात्र या कागदांसाठी थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटना या अर्जांची नोंद वर्षानुवर्षं ठेवत आली आहे. २०१२मध्ये गाझातल्या रुग्णांच्या ९० टक्क्यांहून अधिक अर्जांना वेळेत होकार मिळाला होता. २०१७मध्ये हे प्रमाण ५४ टक्क्यांवर घसरलं. त्याच वर्षी परवाना नाकारल्यानंतर किंवा लांबल्यानंतर ५४ रुग्ण दगावले, त्यांतले ४६ कर्करोगाचे होते. तेव्हा गाझात मोठं युद्ध चालू नव्हतं.

सोबतच्या माणसाचा परवाना वेगळा. लहान मुलाला परवाना मिळायचा आणि आईला नाही, असंही घडलेलं आहे. मग आजी जायची किंवा दूरची कुणी नातेवाईक. केमोथेरपी घेणाऱ्या मुलाच्या उशाशी आई नसणं ही केवळ प्रशासकीय अडचण म्हणायची का?

गैरसमज : तपासणी सुरक्षेपुरती आहे, खऱ्या रुग्णाला कुणी अडवत नाही.

सुरक्षेची भीती कल्पित नाही, हे आधी मान्य करायला हवं. जून २००५मध्ये उपचारांचा परवाना असलेली गाझातली एक तरुणी इस्रायलमध्ये जाण्याच्या एरेझ नाक्यावर स्फोटकांसह पकडली गेली होती. पण एका घटनेची सावली हजारो आजारी माणसांवर किती वर्षं ठेवायची? गाझातल्या गंभीर आजारी स्त्रियांना, त्यांचे नातेवाईक गाझावर सत्ता असलेल्या हमास या संघटनेचे आहेत एवढ्या कारणावरून, परवाने नाकारले गेले. स्वतः त्या स्त्रियांवर संशय नव्हता. प्रकरण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०१८मध्ये न्यायालयाने त्यांना जाऊ द्या असा निकाल दिला. अडवणूक फक्त सुरक्षेपोटी नव्हती, हे इस्रायलच्याच न्यायासनासमोर सिद्ध झालं.

गैरसमज : इस्रायल पॅलेस्टिनींवर फुकट उपचार करतं.

काही इस्रायली संस्था देणग्यांतून मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया करतात. ‘रोड टू रिकव्हरी’चे स्वयंसेवक आपल्या गाडीतून पॅलेस्टिनी रुग्णांना नाक्यावरून रुग्णालयात पोहोचवतात. हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यात या संस्थेचीही माणसं मारली गेली. त्यांचं मोल करावं तेवढं थोडं. पण पॅलेस्टिनी मंत्रालयाने इस्रायली रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाचं बिल पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या माथी असतं, आणि इस्रायल त्यांच्या वतीने जो कर गोळा करतं त्यातून ते कापून घेतलं जातं.

गैरसमज : अडचण गाझात आहे, वेस्ट बँकमध्ये तसं काही नाही.

वेस्ट बँकमधला गंभीर रुग्ण पूर्व जेरुसलेमला निघाला की त्याची रुग्णवाहिका बहुतेक वेळा नाक्यावरच थांबते. तिथे इस्रायली नंबरप्लेटची दुसरी रुग्णवाहिका येते, आणि रुग्णाला सलाइन, ऑक्सिजनसकट उघड्या रस्त्यावर एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर घेतलं जातं. हृदयविकाराच्या झटक्यात मिनिटांना काय किंमत असते, हे ज्याने घरात अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

२०२५च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत वेस्ट बँकमध्ये नाके, फाटकं, मातीचे ढिगारे असे ८०० हून अधिक अडथळे मोजले गेले. ‘क्षेत्र सी’ या नावाने ओळखला जाणारा भाग वेस्ट बँकच्या ६० टक्क्यांच्या आसपास आहे. तिथे पक्का दवाखाना बांधायलाही इस्रायली परवानगी लागते. ती सहसा मिळत नाही, म्हणून कित्येक वस्त्या फिरत्या दवाखान्याच्या वाटेकडे डोळे लावून असतात.

गैरसमज : तिथे डॉक्टर आणि व्यवस्था मुळातच नाहीत.

नाब्लुस, जेरुसलेमजवळचं अबू दिस आणि गाझा शहरात वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहिली. युद्धापूर्वी बालकांच्या लसीकरणाचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे होतं. पुष्कळ श्रीमंत देशांनाही हे जमत नाही.

गैरसमज : दोष एकट्या इस्रायलचा.

सर्वात मोठा वाटा ताबा ठेवणाऱ्या सत्तेचाच आहे, आणि चौथा जिनिव्हा करारही सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी तिच्यावरच टाकतो. पण पॅलेस्टिनी प्राधिकरण चालवणारा फतह पक्ष आणि हमास यांच्या भांडणातही रुग्ण भरडले गेले. २०१७मध्ये रामल्लातल्या प्राधिकरणाने गाझातल्या रुग्णांच्या खर्चाच्या हमीत हात आखडता घेतला. मे २०२०मध्ये प्राधिकरणाने इस्रायलशी समन्वय तोडला आणि गाझाचे अर्ज पुढे जाईनासे झाले. २०१८मध्ये अमेरिकेने पूर्व जेरुसलेमच्या रुग्णालयांची अडीच कोटी डॉलरची मदत थांबवली. प्रत्येक वेळी डाव कुणाचाही असो, हरला तो रुग्ण.

गैरसमज : शस्त्रसंधी झाली, आता प्रश्न मिटेल.

गाझातलं कर्करोगाचं एकमेव विशेष रुग्णालय, तुर्की-पॅलेस्टिनी मैत्री रुग्णालय, नोव्हेंबर २०२३मध्ये बंद पडलं आणि मार्च २०२५मध्ये स्फोट घडवून पाडलं गेलं. मे २०२४मध्ये रफाहची इजिप्तकडची वाट बंद झाली. बाहेर न्यायच्या यादीत नाव लागलेले एक हजाराहून अधिक रुग्ण जुलै २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या काळात वाट पाहता पाहता मरण पावले, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑक्टोबर २०२५च्या शस्त्रसंधीनंतरही हजारोंची यादी तशीच होती.

मनात आणलं तर वाट उघडता येते, याचा पुरावाही याच युद्धात आहे. ऑगस्ट २०२४मध्ये गाझात पंचवीस वर्षांनंतर पोलिओचा रुग्ण सापडला. सप्टेंबरमध्ये ठरावीक तासांपुरता गोळीबार थांबवण्याचं दोन्ही बाजूंनी मान्य केलं आणि पहिल्याच फेरीत दहा वर्षांखालच्या साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस पाजले गेले. कर्करोगाच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीही असाच रस्ता हवा आहे. गाझातून पूर्व जेरुसलेम आणि वेस्ट बँकच्या रुग्णालयांकडे जाणारा जुना मार्ग पुन्हा खुला करा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मागणी आहे, आणि ती मान्य करण्याचा अधिकार इस्रायल सरकारच्या हातात आहे.