ईमच्या थडग्यांवरील चिन्हे

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात ईम नावाचे खेडे आहे. तेथील सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारातील जुन्या थडग्यांवर अक्षरांच्या जोडीने चिन्हेही कोरलेली दिसतात. ज्यांना वाचता येत नसे, त्यांनाही मृत्यूचा उपदेश नुसत्या पाहण्याने कळावा, ही त्यांमागची सोय.

कॅथरीन मॉम्पेसन हिची समाधी हा त्याचा उत्तम नमुना. ही गावच्या धर्मगुरूची, विल्यम मॉम्पेसनची पत्नी. समाधीच्या एका टोकाला पंख फुटलेले वाळूचे घड्याळ आहे. काळ उडून चालला आहे, हा त्याचा अर्थ. सोबतचे लॅटिन शब्द बजावतात, ‘सावध असा, ती घटका तुम्हांला ठाऊक नाही.’ दुसऱ्या टोकाला कवटी आणि ‘मला लाभ’ एवढेच शब्द. जगणे म्हणजे ख्रिस्त आणि मरणे हा लाभ, या बायबलमधील वचनाचा तो तुकडा आहे. त्यामुळे ही कवटी भेडसावत नाही, धीर देते.

काळाबरोबर चिन्हे बदलतात. याच आवारात १९२७ साली वारलेला डर्बीशरचा क्रिकेटपटू आणि पुढे पंच झालेला हॅरी बॅगशॉ याचे थडगे आहे. त्यावर मोडलेल्या यष्ट्या, उडालेल्या बेल्स आणि माथ्यावर पंचाचे उंचावलेले बोट! घड्याळाचाच निरोप क्रिकेटच्या भाषेत.

पण कॅथरीनच्या समाधीवरून आणखी एक प्रश्न निघतो. ती ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगने गेली. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर आदल्या वर्षी साथ गावात शिरली, असे मानतात. ती बाहेर पसरू नये म्हणून मॉम्पेसन आणि आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतले. परंपरेनुसार सुमारे २६० माणसे दगावली. मग त्यांची थडगी कुठे आहेत?

प्रेते चर्चच्या आवारात न आणता ज्याने त्याने आपल्याच जागेत पुरावीत, असे ठरले होते. एलिझाबेथ हॅनकॉक हिने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी मातीआड केली. त्यांची थडगी गावाबाहेर शेतात, एका बुटक्या दगडी कुंपणात आहेत. चर्चच्या आवारातली चिन्हे वाचून झाल्यावर अभ्यासकाने तिथवर चालत जायला हवे.