कोंबडा आरवेनासा झाला तर

पहाटे नेमाने आरवणारा आमच्या परसातील कोंबडा एके दिवशी मुका राहिला. पंख गळालेले, चोच उघडून श्वास, हिरवट पातळ विष्ठा. पुढे मानही पिळवटली. हळद-लसूण चारण्यात आम्ही दोन दिवस दवडले. तोवर खुराड्यातील तीन कोंबड्या दगावल्या. हा मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, असे पशुवैद्यांनी सांगितले. तो विषाणूजन्य असून त्यावर औषध नाही. म्हणून आजारी पक्षी तत्काळ वेगळा ठेवावा. मेलेला चुना घालून खोल पुरावा. खरा उपाय आधीच करावयाचा: पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यांत वा नाकात लसीचा थेंब, पुढे ६ ते ८ आठवड्यांची झाल्यावर टोचणी. आमचा कोंबडा गेला. यंदाची पिल्ले मात्र लस घेऊन वाढत आहेत.